नऊ वादकांची नावं

‘अज्ञात’ हा शब्द रामटेकेताईंना शिवीसारखा लागायचा. ऑफिसात एखाद्या फायलीवर ‘अर्जदार अज्ञात’ असा शेरा दिसला की ती फाईल त्या तशीच परत खाली पाठवायच्या. “अज्ञात म्हणजे आपण शोधलं नाही,” त्या म्हणायच्या. “मग तेच लिहा. ‘शोधलं नाही’ असं लिहा आणि खाली सही करा.” सही करायची म्हटल्यावर लोक शोधायला लागायचे.

विमल रामटेके. मूळच्या भंडाऱ्याच्या, दिल्लीत केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर. मी त्यांच्या हाताखाली असिस्टंट म्हणून लागले तेव्हा त्यांच्या निवृत्तीला सहा वर्षं उरली होती. राहायला दोघी मयूर विहारला, समोरासमोरच्या सोसायट्यांत. त्यामुळे ऑफिसात त्या मॅडम आणि मेट्रोत बसलो की ताई, असं ठरून गेलं. लग्न केलं नव्हतं. उंचीनं बेताच्या, सुती साडी, पायात बारा महिने स्पोर्ट्स शूज. बोलणं एरवी दिल्लीतल्या मराठी माणसासारखं, मधूनमधून ‘अच्छा’, ‘बिल्कुल’ पेरलेलं. राग आला की मात्र तीस वर्षांची दिल्ली गळून पडायची आणि खाली भंडारा निघायचा. “काय करून राहिले हे लोक?” असं त्या म्हणाल्या की सेक्शनमध्ये सगळे आपापल्या स्क्रीनकडे बघायला लागायचे.

मी त्यांच्याबद्दल लिहायला बसले आहे ते रागानंच. गुरुग्राममध्ये त्यांच्याशी जे झालं त्याची पंधरा सेकंदांची चित्रफीत अजून लोकांच्या फोनवर फिरते, आणि ती बघून हसणाऱ्यांना ही बाई कोण होती हे माहीत नाही.

ताईंना सिनेमाचं वेड होतं. पण कुठल्या सिनेमाचं, तर सत्तरच्या दशकातल्या त्या हिंदी सिनेमांचं, जे लागले आणि आठवड्यात उतरले. हवेल्यांतली भुतं, मुखवटे घातलेले डाकू, रबराची वटवाघळं, आणि असे नायक जे पुन्हा कुठल्याच पडद्यावर दिसले नाहीत. त्यातही गाण्यांपेक्षा त्यांचा जीव अडकायचा पार्श्वसंगीतात. बाई कंदील घेऊन जिना उतरते तेव्हा मागे जे वाजतं, त्यात.

मला हे पहिल्यांदा कळलं ते हिवाळ्यात, ऑफिसच्या मागच्या हिरवळीवर. डबे खाऊन सगळे उन्हात बसले होते. आमच्या सेक्शनमधल्या सचदेवानं फोनवर अशाच एका सिनेमाचा तुकडा लावला. सांगाडा चालत येतो आणि त्याला बांधलेल्या तारा स्पष्ट दिसतात. सगळे हसत होते. मीही हसले, हे लपवण्यात अर्थ नाही.

“मॅडम, ये देखिए, तार दिख रहा है,” सचदेवा म्हणाला.

ताईंनी फोन हातात घेतला, पालथा करून गवतावर ठेवला आणि तुकडा पुन्हा सुरू केला. “अब सिर्फ सुनो,” म्हणाल्या. आम्ही ऐकलं. अर्धा मिनिट फक्त व्हायोलिन. अगदी बारीक, थरथरणारी.

“हड्डी नकली है, ठीक है,” त्या म्हणाल्या. “लेकिन ये बात उन चार वायलिन वालों को किसी ने बताई नहीं थी. वो सच में डर के बजा रहे हैं.”

सचदेवानं मान डोलावली आणि दुसरं काहीतरी लावलं. पण माझ्या अंगावर काटा आला होता. मी विचारलं, “चारच कशावरून?”

“मोजले,” त्या म्हणाल्या. “रविवारी घरी ये.”

घर दोन खोल्यांचं. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, बुद्धाचा फोटो, आणि विडी कारखान्याच्या दारात उभ्या असलेल्या वडिलांचा एक जुना फोटो. सिनेमाचं एकही चित्र नाही. पण दिवाणाखाली व्हीसीडींची खोकी होती. पहाडगंजमधल्या तळघरातलं एक दुकान बंद होत होतं, तेव्हा मालक भंगारवाल्याला देणार होता तो सगळा माल त्यांनी ऑटोतून दोन पोत्यांत भरून आणला होता. रविवारी दुपारी सोसायटीतल्या दोन-तीन बायका, मी, कधी माझा नवरा, असे आम्ही तिथे जमायचो. नियम दोन. पहिली वीस मिनिटं हसायचं नाही. आणि कुरकुरीत खायचं नाही, कारण चिवड्याच्या आवाजात क्लॅरिनेट बुडतं. त्यामुळे उकडलेल्या शेंगा मिळायच्या.

वीस मिनिटांनंतर हसायची परवानगी असायची. पण तोवर हसू यायचंच नाही. त्या हात वर करून सांगायच्या, “आता ऐका. इथं पैसे संपलेत यांचे. बघा, वादळ दाखवायला पंखा पण नाही. मग काय केलं? वादळ वाजवलं.” आणि खरंच, पडद्यावर एक पानही हलत नसताना खोलीत वादळ शिरायचं.

त्यांना सगळ्यात प्रिय होता ‘सात कुओं का शहर’. त्यात एक बाई विहिरींच्या मधून पळते, चार मिनिटं, संवाद नाही. मागे फक्त मादल, म्हणजे नेपाळी ढोलकी, आणि डबल बेस, ते माणसाच्या उंचीचं, उभं राहून वाजवायचं व्हायोलिनसारखं वाद्य. मग शेवटी एकच अकॉर्डियन. हा तुकडा संपला की त्या सिनेमा थांबवायच्या आणि पाणी प्यायच्या.

शेजारच्या चढ्ढाआंटींनी एकदा विचारलं, “आपका कोई रिश्तेदार था क्या फिल्म लाइन में?”

हा प्रश्न त्यांना नेहमी यायचा आणि दर वेळी तितकाच झोंबायचा. “कोणी नव्हतं,” नंतर मला म्हणाल्या. “काहून असायला पाहिजे? गालिब ऐकणाऱ्याला कोणी विचारतं का, तुमचे मामा होते का म्हणून?”

मग त्या दिवशी त्यांनी सांगितलं. भंडाऱ्याजवळच्या त्यांच्या गावी उन्हाळ्यात तंबूतला सिनेमा यायचा. “चांगले सिनेमे आमच्याकडे येतच नव्हते, मंजू. ते नागपूरला लागायचे. जे कुठंच चालले नाहीत, ज्यांच्या रिळांची पेटी कोणाला नको असायची, ते आमच्याकडे यायचे. आम्हाला काय माहीत ते पडलेले आहेत? आम्ही जीव मुठीत धरून बघायचो. आता मोठ्या लोकांनी येऊन सांगावं की ते वाईट होतं. मग आम्ही जे घाबरलो, रडलो, ते काय होतं?”

मराठी मंडळींच्या एका स्नेहमेळाव्यात त्यांना हे तोंडावर ऐकवणारा भेटला. निवृत्त झालेले एक मोठे अधिकारी, संगीतातले जाणकार म्हणून प्रसिद्ध. ताईंची आवड कळल्यावर ते अगदी मायेनं म्हणाले, “रामटेकेबाई, कान तयार व्हावा लागतो. त्याला घरात तसं वातावरण असावं लागतं. तुम्ही शास्त्रीय ऐकायला लागा, हे आपोआप सुटेल.”

“शास्त्रीय मी वीस वर्षं ऐकते,” ताई म्हणाल्या. “आणि हे सुटायला ती काय विडी आहे?”

आजूबाजूचे हसले, विषय बदलला. परतताना मेट्रोनं यमुना ओलांडल्यावर त्या म्हणाल्या, “वातावरण म्हणाला तो. काय म्हणाला ते कळलं ना तुला?”

मी कळलं म्हटलं. माझ्या घरात ते ‘वातावरण’ होतं. त्या शब्दाला वास असतो हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

असल्या सिनेमांच्या श्रेयनामावलीत संगीतकाराचं नाव असायचं, वादकांची नसायची. ताईंनी ती शोधायला घेतली. सरकारी नोकरीत प्रवासाची सवलत मिळते. बाकीचे काश्मीरला, अंदमानला जायचे. ताई दर वेळी मुंबईला जायच्या आणि म्हाताऱ्या वादकांची दारं ठोठावायच्या. कोण कोणत्या स्टुडिओत होतं, कोणाच्या शेजारी कोण बसायचं, कोणाचं वाद्य त्या दिवशी बिघडलं होतं. सगळं एका लांब सरकारी रजिस्टरमध्ये. रकाने आखलेले: सिनेमा, प्रसंग, वाद्य, वादक, कोणी सांगितलं, दुसऱ्या कोणी दुजोरा दिला का. दोघांनी सांगितल्याशिवाय नाव शाईनं लिहायचं नाही, तोवर पेन्सिल. ‘सात कुओं का शहर’च्या पानावर नऊ नावं होती आणि नऊही शाईत होती. त्याला अकरा वर्षं लागली होती.

निवृत्तीनंतर वर्षभरात करण नावाचा एक तरुण त्यांच्याकडे आला. गुरुग्रामला त्याची जुन्या संगीताच्या नव्या रेकॉर्डी काढणारी कंपनी होती. मुलगा गोड बोलायचा. रविवारी शेंगा खात त्यानं पूर्ण सिनेमा पाहिला, वीस मिनिटांचा नियम पाळला, आणि ताईंच्या पाया पडून म्हणाला, “मॅम, ये तो खजाना है.” त्याला ‘सात कुओं का शहर’चं पार्श्वसंगीत रेकॉर्डवर आणायचं होतं. ताईंना इतक्या आनंदात मी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी रजिस्टरवरून सगळी माहिती स्वतः टाईप केली, अकरा पानं, आणि त्याला दिली. पानांच्या वर लिहिलं होतं: ‘नावांचा क्रम बसण्याच्या जागेप्रमाणे.’

प्रकाशन एका रविवारी दुपारी होतं, मॉलमधल्या एका हॉलमध्ये. आधी सिनेमा, मग समारंभ. ताई प्रमुख पाहुण्या. राजीव चौकला गाडी बदलून आम्ही दोघी गेलो. ताईंनी ठेवणीतली निळी साडी नेसली होती.

दारातच एका मुलीनं आम्हाला प्लॅस्टिकचं हाड आणि शिट्टी दिली. “डरावना सीन आए तो बजाइए, आंटी,” म्हणाली.

ताईंनी हाड तिच्या हातात परत ठेवलं. आत टेबलावर रेकॉर्डी मांडल्या होत्या, उघड्या पिशव्यांत, चाळीसेक. कव्हर देखणं होतं. ताईंनी एक उचलली, चष्मा वर केला, मागची बाजू वाचली. मग दुसरी उचलून तीही वाचली, जणू पहिलीत छपाईची चूक असावी. मागे संगीतकाराचं नाव होतं, करणचं होतं, कव्हर काढणाऱ्याचं होतं, हॉलला फुलं पुरवणाऱ्याचं होतं. आणि मध्ये एक ओळ: ‘वादक: अज्ञात’.

करण धावत आला. ताईंनी बोट त्या ओळीवर ठेवलं. “ये क्या है, बेटा?”

“मॅम, वो डिझाइन टीम का कॉल था,” तो म्हणाला. “अननोन लिखने से थोड़ा मिस्ट्री आता है ना. लोगों को अच्छा लगता है.”

“मैंने ग्यारह पन्ने दिए थे.”

“बिल्कुल मॅम, बहुत हेल्प हुई. वाइब समझ में आया.”

हे मी इथं जसंच्या तसं लिहिते आहे. अकरा वर्षं म्हाताऱ्या माणसांच्या दारात उभं राहून मिळवलेली नावं, आणि त्यातून या माणसाला वाइब समजला. नावं त्याच्याकडे होती. ती हरवली नव्हती, चुकून राहिली नव्हती. ती काढून त्या जागी ‘अज्ञात’ बसवलं होतं, कारण ते बरं दिसत होतं.

मला वाटलं, आता भंडारा निघणार. पण ताई शांतपणे म्हणाल्या, “मंजू, तुझ्या पर्समध्ये कागद आहे?”

माझ्याकडे ऑफिसचं एक पॅड होतं. आम्ही मागच्या कोपऱ्यात बसलो. पानं अर्धी फाडली. त्या न बघता नावं सांगत गेल्या, दोघी लिहीत गेलो. वाद्य, वादक, वाद्य, वादक, नऊ ओळी. खाली त्या स्वतः ‘पडताळणी: वि. रामटेके’ आणि आपला फोन नंबर लिहायच्या. “सुवाच्य लिही,” एकदा म्हणाल्या, “हे छापल्यासारखं दिसलं पाहिजे.” चाळीस चिठ्ठ्या झाल्यावर त्या टेबलाशी गेल्या आणि एकेका पिशवीत एकेक चिठ्ठी सरकवू लागल्या. टेबलामागची पोरं एकमेकांकडे बघत राहिली. करण आला, “मॅम, प्लीज, ये मत कीजिए,” म्हणाला. त्या थांबल्या नाहीत. साडीतल्या साठीच्या बाईचा हात कोण धरणार? ते त्याच्याच्यानं झालं नाही.

मग सिनेमा सुरू झाला. पहिल्या मिनिटापासून शिट्ट्या, हाडं वाजवणं, ओरडणं. विहिरींचा प्रसंग आला तेव्हा इतका गोंधळ होता की मादल ऐकूच आला नाही. ताई पहिल्या रांगेत डोळे मिटून बसल्या होत्या. मला उठून कोणाच्या तरी कानाखाली द्यावीशी वाटत होती. मी उठले नाही, हे मला अजून लागतं.

शेवटी त्यांना पुष्पगुच्छ द्यायला मंचावर बोलावलं. करणनं घाईघाईनं माईक स्वतःकडे ओढला, पण ताईंनी तो घेतला. “नौ लोग थे,” त्या म्हणाल्या. “खड़े होने की ज़रूरत नहीं. सिर्फ सुनिए. अकॉर्डियन, इनास कुटिन्हो.”

लोकांना वाटलं हा खेळाचाच भाग आहे. शिट्ट्या झाल्या, हाडं वाजली. ताई थांबल्या. पूर्ण शांत होईपर्यंत थांबल्या, जशा त्या सेक्शनमध्ये थांबायच्या. “मादल, रणबीर थापा.” पुन्हा शिट्ट्या. पुन्हा त्या थांबल्या. “डबल बेस, पीटर डाबरे.” चौथ्या नावाला एकच शिट्टी झाली. पाचव्याला झाली नाही. उरलेली चार नावं त्या हॉलनं गप्प बसून ऐकली. नववं नाव झाल्यावर ताईंनी माईक ठेवला, गुच्छ न घेता खाली उतरल्या आणि मला म्हणाल्या, “चल.”

ती चित्रफीत म्हणतात ती याचीच. कोणीतरी पहिल्या दोन नावांपुरतं कापलं, शिट्ट्या वाढवल्या, खाली लिहिलं, ‘आंटी हाजिरी ले रही है’. लाखो लोकांनी पाहिलं. पाचव्या नावानंतरची शांतता कोणीच टाकली नाही. आणि ते संगीत आज फोनवर ऐकायला गेलं तर तिथंही वादक अज्ञातच आहेत. ताईंनी त्या कंपनीला पत्रं लिहिली, व्यवस्थित, मुद्द्यांना क्रमांक घालून. एकाचंही उत्तर आलं नाही.

पण तीन आठवड्यांनी एक फोन आला. रेकॉर्ड विकत घेतलेल्या एका मुलीनं आतल्या चिठ्ठीचा फोटो कुठंतरी टाकला होता, आणि तो फिरत फिरत वसईला पोचला होता. फोनवर एक बाई होत्या. मी तेव्हा ताईंकडेच होते, म्हणून बोलणं मला ऐकू आलं.

“तुम्ही रामटेके? माझ्या वडिलांचं नाव तुम्ही चुकीचं लिवलंय.”

ताई उभ्या राहिल्या. “कुठलं?”

“पीटर नाय, पेद्रू. पेद्रू डाबरे. स्टुडिओत सगळे पीटर म्हणायचे त्यांना. ते लय चिडायचे. आता पण चिडले.”

“आता?” ताई म्हणाल्या. “आहेत ते?”

“आहेत ना. ऐकायला कमी येतं. हे काय, पाव आणायला खाली गेलेत.”

ताईंनी हळूच खुर्ची ओढली. त्यांना वाटलं होतं, नऊपैकी कोणीच उरलं नसेल. डबल बेसवाल्याचं नाव दोघांनी सांगितलं होतं, दोघांनीही पीटरच सांगितलं होतं, आणि ते गेले अशी खात्रीही दिली होती. माझ्या डोक्यात मात्र दुसरंच चालू होतं. अज्ञात माणूस वसईत राहतो, रोज स्वतः पाव आणतो, आणि त्याच्या मुलीकडे फोन आहे. एक दुपार घालवली असती तर कोणालाही सापडला असता.

मी तसं म्हणाले. ताईंनी मला गप्प केलं. “आधी माझं बघ,” म्हणाल्या. “चाळीस ठिकाणी चुकीचं नाव गेलंय, माझ्या अक्षरात, माझ्या सहीनं. अन् मंचावरून बोलले मी ते. त्या पोराला काय तोंडानं बोलू?”

“तुम्हाला दोघांनी सांगितलं होतं, ताई.”

“मुलीला विचारलं होतं का मी? नाही ना? मग शोधलं नाही मी.”

इतका राग त्यांनी करणवरही काढला नव्हता. रजिस्टर काढून ‘पीटर’ खोडलं, वर ‘पेद्रू’ लिहिलं, बाजूला तारखेसह सही केली. दुसऱ्या दिवशी वसईला जायचं तिकीट काढलं, तिथून पुढे नागपूरला पुतणीकडे. नागपूरला त्यांना बरं वाटलं आणि त्या तिकडेच राहिल्या. मयूर विहारचं घर पुतणीनं येऊन आवरलं. आमचं फोनवर बोलणं व्हायचं, मग कमी होत गेलं, आणि मागच्या वर्षी पुतणीचाच फोन आला, ताई गेल्याचा. वसईत काय झालं, हे मी एकदा विचारलं होतं. “माफी मागितली,” त्या म्हणाल्या. “त्यांना ऐकू आलं नाही. मग लिहून दिली. त्यांनी चष्मा लावून वाचली अन् म्हणाले, स्पेलिंग बरोबर आहे.”

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते निजामुद्दीन स्टेशनवर, त्या वसईला निघाल्या तेव्हा. दुपारची गाडी होती. सामान लावून दिलं, खाली उतरले, खिडकीशी उभी राहिले. काचेतून बोललेलं ऐकू येत नव्हतं. वाटलं, गाडी सुटताना हात हलवतील. पण त्यांचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. कपाळाला आठ्या घालून, दोन्ही हात हलवत, त्या समोरच्या सीटवरच्या अनोळखी बाईला काहीतरी सांगत होत्या. त्या बाईनं नुकताच डबा उघडला होता. पुरीचा घास तिनं हातात तसाच धरला होता आणि ती ऐकत होती.